सगळ्याच गाड्यांचा क्लच खराब

४ जानेवारी

नोकरी लागली. सकाळी पत्र आलं, लिहायला आत्ता वेळ मिळतोय, कारण दिवसभर आई फोनवरून सगळ्यांना सांगत होती आणि प्रत्येकाशी मलाही बोलायला लावत होती.

हॉस्पिटलच्या फिरत्या पथकात काम आहे. आसपासच्या शाळांत जायचं, मुलांची हिअरिंग टेस्ट करायची. मशीन हॉस्पिटल देणार, गाडी आपली आपण आणायची. मुलाखतीत मॅडमनी विचारलं होतं, गाडी येते ना? मी म्हटलं, माझ्या वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, लायसन्स निघाल्यापासून चालवतेय, आजवर एकदाही गाडी बंद पडू दिली नाही. मग त्यांनी त्याबद्दल काही विचारलंच नाही. वेटिंग लिस्टवर अजून एक मुलगी आहे, एवढं मात्र सांगितलं. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं.

"एकदाही नाही" हे मी फुशारकीने म्हटलं का, याचा बसमध्ये विचार केला. नाही. खरंच पडलेली नाही. नीट आठवून पाहिलं.

"स्कूल आहे" हे मात्र चुकलं. स्कूल होतं. बाबांचा डावा गुडघा गेला आणि गेल्या महिन्यात बंद करावं लागलं. स्कूलची गाडीही विकली. शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक असलेली, म्हणजे शिकाऊ माणूस चुकला तर शिकवणाऱ्याला सावरता यावं. मी त्याच गाडीवर शिकले, त्याच गाडीवर सगळीकडे गेले, शेजारी बाबा. मला त्या जादा पेडलांची गरज कधी पडली नाही.

आता घर माझ्या पगारावर चालणार. म्हणून गाडी भरवशाची हवी. जुनी चालेल, दगा देणारी चालणार नाही.

संकल्प: घाई करायची नाही. गोड बोलणाऱ्याकडून घ्यायची नाही. कोणाच्या भिडेला बळी पडायचं नाही.

६ जानेवारी

पहिली गाडी पाहिली. बाबांचा गुडघा बघणारे डॉक्टर आपली पांढरी गाडी विकताहेत.

त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, थंड गाडी कशी सुरू होते ते बघायचंय. मॅट उचलून खालचा पत्रा पाहिला, पाणी साचल्याचा वास येतो का ते हुंगून पाहिलं. दाराच्या कडेला दुसऱ्यांदा रंग दिलाय का पाहिलं. पेडलचं रबर झिजलंय किती आणि मीटर दाखवतंय किती, याचा मेळ घातला. डॉक्टर म्हणाले, मी पेशंटला इतकं तपासत नाही.

सगळं उत्तम. मग चालवायला घेतली आणि गेटमधून बाहेर पडतानाच बंद पडली. पुन्हा सुरू केली, आचके देत दोन हात पुढे गेली आणि बंद. पुन्हा तेच.

क्लच गेलेला आहे. डॉक्टर म्हणाले, अहो, कालच हॉस्पिटलला नेली, ठीक होती. मी त्यांना समजावलं की ज्याला सवय असते त्याला स्वतःच्या गाडीतला दोष कळत नाही. ते विचारात पडले.

घरी आल्यावर चैन पडेना. असा क्लच घेऊन हा माणूस रोज रस्त्यावर जातो. संध्याकाळी फोन करून सांगितलं, तुम्ही विका किंवा ठेवा, पण क्लच बदलून घ्या. बरं म्हणाले.

बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, असेल, हल्ली क्लचचं काही सांगता येत नाही. मग पेपरातून डोकं न काढता विचारलं, किती वेळा बंद पडली? सांगितलं. त्यानंतर बराच वेळ गुडघा चोळत बसले.

९ जानेवारी

निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची गाडी. पहिली मालकीण, सीटना कव्हर, आत फिनेलसारखा वास. फक्त वाचनालयात जातात म्हणे. मला खूप आशा होती.

तीच रड. क्लच सोडला की गाडी उडी मारते आणि बंद. वर ब्रेकही उशिरा लागतो. एक कुंडी फुटली. मी भरून देते म्हटलं आणि दोन्ही दोष नम्रपणे त्यांच्या कानावर घातले. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, तुला गाडी कोणी शिकवली? मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनाही बाबांनीच शिकवलंय. म्हणाल्या, सरांना नमस्कार सांग, आणि कुंडीचं राहू दे.

क्लच बदलून घ्या, असं निघताना पुन्हा सांगितलं. बघते म्हणाल्या.

बाई इतक्या शिस्तीच्या, आणि गाडीची ही हेळसांड. माणसांचं काही सांगता येत नाही.

१५ जानेवारी

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेले. पटांगणात गाड्याच गाड्या, सगळ्या धुऊनपुसून ठेवलेल्या. मी तीन चालवून पाहिल्या. तिन्हींचा क्लच खराब. विक्रेता आधी हसत होता, तिसरीला हसायचा थांबला. म्हणाला, ताई, तीन गाड्यांचा क्लच एकाच दिवशी जाईल का? मी म्हटलं, हेच मी तुम्हाला विचारणार होते.

परत येताना विचार केला तेव्हा उलगडा झाला. लोक गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसतात. त्याने प्लेट झिजते. बाबा पहिल्या दिवसापासून सांगायचे, गाडी पायाने नाही, कानाने चालवायची. इंजिनचा आवाज उतरला की क्लच हलकेच सोडायचा. हे शिकवणारं आता कोणी राहिलं नाही आणि त्याची फळं सगळं गाव भोगतंय.

जेवताना हे सांगितलं. आत्या म्हणाली, गाड्या बघतेस की स्थळं? एकीचं नाक बसकं, एकीचा क्लच वाकडा. मी म्हटलं, आत्या, तुला गाडी येत नाही. ती म्हणाली, येत नाही म्हणूनच मला दिसतं. आईने तिला डाळ वाढली. बाबा खाली मान घालून जेवत होते.

१९ जानेवारी

आज गाडी पाहिली नाही. नुसतं रडू येत होतं.

मॅडमचा फोन. गाडी झाली का? मी म्हटलं, जवळजवळ. हे खोटं नाही, कारण माझ्या मनात चांगली गाडी कशी असते ते पक्कं आहे, फक्त ती सापडायची आहे. त्या म्हणाल्या, ती दुसरी मुलगी कालच येऊन चौकशी करून गेली.

आईने आज भाजीवाल्याशी पहिल्यांदाच घासाघीस केली.

संकल्प: थोडी तडजोड करायची. क्लच बदलता येतो. बाकी गाडी चांगली हवी.

२४ जानेवारी

घेतली. राखाडी रंगाची, छोटी. बदली होऊन चाललेल्या बँकेतल्या साहेबांची. गॅरेजवाल्या काकांनी सुचवली. काका बाबांच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, आता गावातलं मोठं गॅरेज त्यांचं आहे.

ट्रायलला बाबा शेजारी बसले. इतर गाड्यांच्या मानाने ही कमी वेळा बंद पडली. परत आलो तेव्हा बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाले, घेऊन टाक, गाडीत काही खोट नाही.

काकांनी गाडी वर चढवून खालून पाहिली. म्हणाले, इंजिन चांगलं, ब्रेक चांगले, क्लचही चांगला आहे. मी म्हटलं, क्लच बदला. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी टायरकडे पाहिलं. काका म्हणाले, बदलू या की.

बोलता बोलता कळलं, डॉक्टर आणि बाई दोघेही क्लचसाठी गॅरेजला येऊन गेले. फार बरं वाटलं. आपल्या हातून काही तरी सार्वजनिक काम होतंय.

२७ जानेवारी

गाडी आणली. काकांनी बिल घेतलं नाही. नंतर बघू म्हणाले. सरांचे उपकार वगैरे. मला ओशाळल्यासारखं झालं, पण त्यांनी ऐकलंच नाही.

नवा क्लचही तसाच करतोय. गॅरेजच्या दारात दोनदा बंद पडली. काकांना विचारलं, नवा क्लच बसायला वेळ लागतो का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, लागतो, ताई. कधीकधी बराच लागतो.

३१ जानेवारी

मेंटेनन्सची पद्धत ठरवली आणि लगेच अमलात आणली. सकाळी ऑइल बघायचं, कूलंट बघायचं, टायरची हवा बघायची. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरू द्यायची नाही. काचेच्या पाण्यात दोन थेंब शाम्पू. नव्या मॅट टाकल्या. स्टेपनीतही हवा भरून आणली, जी गावात कोणी भरत नाही अशी माझी खात्री आहे.

आत्या गॅलरीतून म्हणाली, एवढी न्हाऊमाखू घातलीस, आता फिरवून तरी आण. मी म्हटलं, उद्यापासून फिरायचीच आहे.

उद्या बाबा सोबत येणार. म्हणाले, घरात बसून गुडघा आखडतो. मला हायसं वाटलं. सोबतीचं हायसं. बाकी काही नाही.

१ फेब्रुवारी

पहिला दिवस पार पडला.

रस्ता काल विचार करून ठरवला होता. सिग्नल नको, चढ नको, शक्यतो थांबावंच लागू नये. थोडं लांबून पडतं, नदीपलीकडून जाऊन पुन्हा अलीकडे यावं लागतं, पण नवा क्लच बसेपर्यंत त्याला ताण द्यायचा नाही. उजाडताच निघालो. शाळेत पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि शिपाईही आला नव्हता.

वाटेत मंडईपाशी एका हातगाडीसाठी थांबावं लागलं, तिथे बंद पडली. मागच्याने हॉर्न दाबून धरला. मी त्याला काच खाली करून सांगितलं, क्लच नवीन आहे. तो म्हणाला, ड्रायव्हरही. लोक काहीही बोलतात.

मुलं गोड आहेत. बीप ऐकू आला की हात वर करायचा. एक मुलगी बीप नसतानाही हात वर करत होती. विचारलं तर म्हणाली, मला वाटलं आता वाजेल. तिला तीनदा समजावलं. स्वतःला न ऐकू आलेलं ऐकल्यासारखं करू नये.

बाबा दिवसभर गाडीत बसून होते. येताना लंगडत होते.

८ फेब्रुवारी

मॅटचा दर्जा अगदीच सुमार. शेजारच्या सीटसमोरची मॅट एका आठवड्यात घासून गेली, दोन ठिकाणी, टाचांच्या पुढे. माझ्या बाजूची जशीच्या तशी आहे. दुकानात नेऊन दाखवली. दुकानदाराने बोटाने भोकं चाचपून विचारलं, तिथे कोण बसतं? मी म्हटलं, वडील. ते काय करतात? मी म्हटलं, काही नाही, नुसते बसतात. त्याने मुकाट्याने बदलून दिली. आता जाड रबरी घेतलीय.

बाबांचा गुडघा सुजलाय. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डावा गुडघा उजव्याच्या दहा वर्षं पुढे निघून गेलाय, तुम्ही कामाचं स्वरूप काय सांगितलं होतं? बाबा म्हणाले, शिकवायचं. डॉक्टर म्हणाले, मग बसून शिकवायला हवं होतं. बाबा म्हणाले, बसूनच शिकवलं.

मी त्यांना नव्या क्लचबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, झकास, काही फरकच जाणवत नाही.

१२ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. शाळांकडून कळलं म्हणाल्या, तुमच्या गाडीत दिवसभर एक गृहस्थ बसलेले असतात. मी सांगितलं, माझे वडील, गाडीतले जाणकार, नव्या गाडीवर लक्ष ठेवायला येतात. मॅडम म्हणाल्या, मशीन हॉस्पिटलचं आहे, बाहेरचं माणूस सोबत चालत नाही, हा महिना चालवून घ्या, पुढच्या महिन्यापासून एकट्याने यायचं. सव्वीस तारखेला टेकडीवरच्या शाळेत जायचंय ना, मी येते तुमच्याच गाडीतून, काम कसं चाललंय तेही बघता येईल.

मी म्हटलं, जरूर.

टेकडीवरच्या शाळेला दुसरा रस्ता आहे का, हे तीन जणांना विचारलं. नाही.

१७ फेब्रुवारी

आज सुट्टी, म्हणून एकटीने सराव. म्हणजे गाडीचा सराव, तिला माझी सवय व्हायला हवी. बाबांना न सांगता मैदानावर नेली. आत्याला दिसलं, पण ती बोलली नाही, हे जास्त वाईट.

मैदान पूर्ण मोकळं. एक कुत्रं होतं, तेही उठून गेलं.

लिहावंसं वाटत नाही, पण खरं लिहायचं असं ठरलंय. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी मोजायचं ठरवलं, नंतर मोजणं सोडून दिलं. शेवटी ती सुरूच होईना. बॅटरी उतरली. इतकी काळजी घेतलेल्या बॅटरीला इतक्या लवकर उतरायचं कारण नाही. बॅटरीही खराब निघाली. आत करपल्याचा वास भरला होता, मला वाटलं कोणी तरी कचरा जाळतंय.

काका स्वतः आले, दोरी लावून गाडी ओढून नेली. वास घेतला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, ताई, आता मात्र क्लच बदलावाच लागेल.

म्हणजे इतक्या दिवसांनी कोणी तरी मान्य केलं. मी आनंदाने म्हटलं, मी म्हणत नव्हते? काका म्हणाले, हो, तुम्ही म्हणत होता. त्यांचा चेहरा मला जरा पडल्यासारखा वाटला. स्वतःची चूक कबूल करणं कोणालाच सोपं नसतं.

२१ फेब्रुवारी

पुन्हा नवा क्लच. या वेळी बिल घेतलं.

नव्या क्लचवरही बंद पडते. आता नेमकं काय असेल याचा विचार केला. चपलेचा सोल जाड आहे. सीट एक खाच मागे हवी. इकडचं पेट्रोल. रस्त्याला न दिसणारा उतार. यातलं एकेक बदलून पाहिलं. शेवटी पेट्रोल उरलंय.

बाबांना विचारलं, बाबा, स्कूलच्या गाडीवर माझ्या हातून कधी का नाही झालं असं? ते काही तरी शोधायला आतल्या खोलीत गेले. काय शोधत होते कळलं नाही. बाहेर आले तेव्हा हात रिकामे होते.

आत्या त्यांना म्हणाली, दादा, सांग तरी. बाबा म्हणाले, सव्वीस तारीख होऊ दे. मला वाटलं, माझ्या वाढदिवसाचं काही तरी असेल. माझा वाढदिवस मेमध्ये असतो.

२५ फेब्रुवारी

गाडी धुतली, टायर पाहिले, हवा भरली, काच पुसली. शेजारच्या सीटची जाड रबरी मॅटही फाटलीय. आता कारखान्यालाच लिहायला हवं.

हातांना कालपासून घाम येतोय. हवेत उकाडा आहे.

संकल्प: उद्या मी घाबरणार नाही. घाबरण्यासारखं काही नाही. गाडी पूर्णपणे सज्ज आहे.

२६ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

मॅडम मागे बसल्या, मांडीवर मशीन. डिकीत धक्के बसतात, असं मीच सुचवलं होतं. बाबा शेजारी. सपाटीवर ठीक चाललो, फक्त हॉस्पिटलच्या फाटकात एकदा. मॅडम म्हणाल्या, थंड असेल इंजिन. मी मनापासून हो म्हटलं.

टेकडीचा रस्ता वर शाळेपर्यंत जातो आणि फाटकाच्या थोडं अलीकडे सगळ्यात जास्त चढ. तिथे मुलांची रांग रस्ता ओलांडत होती. थांबले. रांग गेली. रांगेबरोबरच्या शिक्षिका हाताने या या म्हणाल्या. मी क्लच सोडला, बंद. पुन्हा सुरू केली, सोडला, बंद आणि गाडी मागे निघाली.

मी ब्रेक शोधत होते. मला माहीत असलेल्या जागी तो नव्हता, म्हणजे होता, पण माझा पाय तिथे पोचत नव्हता. मी समोर बघायचं सोडून, का कोण जाणे, शेजारी पाहिलं. आरशात बघायला हवं होतं. मी बाबांचे पाय पाहिले.

बाबांचा डावा पाय खाली जात होता, दाबून धरत होता, मग हळूहळू वर येत होता. उजवा त्याच वेळी टेकत होता. खाली काही नव्हतं, फाटकी मॅट आणि पत्रा. तरी पाय अगदी बरोबर होते. इंजिनच्या आवाजाबरोबर जसे जायला हवेत तसे. मला तो पाय ओळखीचा वाटला. म्हणजे त्या पायाचं काम ओळखीचं वाटलं, इतकी वर्षं ते मला माझंच वाटत होतं.

बाबांनी हँडब्रेक ओढला. गाडी एका बाजूला कठड्याला घासून थांबली. मागे कोणी नव्हतं. मुलं केव्हाच वर गेली होती. हे मी तीनदा उतरून पाहिलं.

मॅडम मशीन कवटाळून उतरल्या आणि उरलेला चढ चालत गेल्या. बाबांना पाय सरळ करता येत नव्हता. मी त्यांचा पाय उचलून बाहेर ठेवला.

गाडी काकांच्या माणसाने येऊन खाली नेली. टेस्ट मी घेतल्या. सगळ्या व्यवस्थित झाल्या.

२ मार्च

मॅडम. फिरतं काम त्या दुसऱ्या मुलीला दिलंय. ती स्कूटरवर येते, मशीन पुढे पायांत ठेवते, नीट मावतं म्हणे. मला महिनाअखेरपर्यंत हॉस्पिटलमधल्या टेस्टिंगच्या खोलीत बसवलंय, पुढचं पुढे बघू. तोवर गाडी शिकून घ्या, असं म्हणाल्या. टोचून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मायेने म्हणाल्या.

घरी बाबांशी बोलले. म्हणजे मी समोर जाऊन बसले आणि ते बोलले. म्हणाले, शिकायच्या पहिल्या दिवशी गाडी बंद पडली आणि तू स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलीस. दुसऱ्यांना शिकवताना मी मुद्दाम बंद पडू द्यायचो, त्याशिवाय पायाला कळत नाही. तुझ्या वेळी मला ते जमलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पडूच दिली नाही. वाटलं होतं, हळूहळू पाय काढून घेऊ. तू एवढी खूश असायचीस.

मला रडल्याचं आठवत नाही. तसं सांगितलं. बाबा म्हणाले, मला आठवतं ना.

आत्या भाजी निवडत होती. म्हणाली, गावभर गाडी शिकवत फिरला आणि घरातली तेवढी राहिली. मग पुढे सरकून बाबांच्या गुडघ्यावर तेल चोळायला लागली. आई म्हणाली, माझ्याही लक्षात आलं नाही, मी नेहमी मागे बसायचे. आज घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं.

५ मार्च

ज्यांना ज्यांना क्लच खराब आहे म्हणून सांगितलं होतं त्यांना खरं सांगणं भाग होतं. दोन दिवस टाळलं. आज पाणी पिऊन फोन घेतला.

डॉक्टर म्हणाले, अहो, काकांनी बदललाच नव्हता. गाडी बघून म्हणाले, क्लच ठीक आहे, पण सरांच्या मुलीने विचारलं तर बदलला म्हणा. मुख्याध्यापिका बाईंनीही तेच सांगितलं आणि वर विचारलं, तुला काय वाटलं, तीस वर्षं वर्गात उभी राहिल्यावर मला नापास कोण ते कळत नाही?

मग गॅरेजला गेले. काकांनी मान्य केलं, माझ्या गाडीचा पहिला क्लचही त्यांनी बदलला नव्हता. उघडला, पुसला आणि परत बसवला. म्हणून बिल नव्हतं. दुसऱ्या वेळी मात्र तोच क्लच मी खरोखर जाळला होता. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? काका म्हणाले, सर समोर उभे होते, ताई. तुम्हाला बोललो असतो तर ते सरांना बोलल्यासारखं झालं असतं.

म्हणजे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या मंडईतल्या हॉर्नवाल्यालासुद्धा.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला फोन करायचा राहिलाय. उद्या.

९ मार्च

नवीन ड्रायव्हिंग स्कूल लावलं. बसस्टँडमागचं. शिकवणारा माझ्याच वयाचा असेल, तोही बाबांकडेच शिकलाय, भिंतीवर बाबांचा फोटोसुद्धा लावलाय. मला पाहून उठून उभा राहिला. विचारलं, ताई, आधी कधी गाडी चालवलीय?

मी म्हटलं, नाही.

त्याच्या गाडीतही शेजारच्या सीटसमोर पेडल आहेत. मी त्याला म्हटलं, एक विनंती आहे, तुम्ही मांडी घालून बसाल का? तो म्हणाला, असं आजवर कोणी सांगितलं नाही. मी म्हटलं, मला माहितेय. त्याने चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली, दोन्ही हात हँडब्रेकवर. मैदानभर आम्ही तसे फिरलो. फिरलो म्हणजे, बहुतेक वेळ उभेच होतो. रडू आलं नाही. एकदा आलं, पण तेव्हा गाडी बंदच होती.

बाबा फाटकापाशी बाकावर बसून होते, काठी दोन पायांच्या मध्ये धरून. आत येऊ नका म्हटलं होतं. घरी निघाल्यावर त्यांनी विचारलं, किती वेळा बंद पडली? मी खरा आकडा सांगितला. बाबा म्हणाले, शाबास.

आपली राखाडी गाडी घरी उभी आहे. ऑइल, कूलंट, हवा, सगळं उत्तम. शेजारच्या सीटसमोर नवी मॅट टाकली नाही.

स्कूलच्या गाडीचा क्लच मात्र मला थोडा कडक वाटला. उद्या त्याला सांगावं का, विचार करतेय.